तेवीस डबे, एक किल्ली

गेल्या जूनमधली गोष्ट. भोसरीत पहिला पाऊस झाला की आमच्या ऑफिसच्या जिन्यापाशी एक प्लास्टिकची बादली ठेवतात. ती ठेवून झाली होती आणि मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून सर्व्हर बदलायचं काम करत होते. जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर न्यायचं, मग दोन्हीकडच्या याद्या जुळवायच्या. शिकाऊ पोरांना देण्यासारखं काम, पण शिकाऊ पोरं त्या आठवड्यात परीक्षेला गेली होती.

आम्ही दूध संस्थांसाठी डबे बनवतो. कागदोपत्री त्याला एएमसीयू म्हणतात, ऑफिसात डबा. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात. काट्यावरून वजन आणि मशीनवरून फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबी सोडून उरलेले घन पदार्थ) डब्यात येतं, डबा दरपत्रक बघून रक्कम काढतो आणि चिठ्ठी छापतो. आत एक म्हातारा एआरएम९ प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १२८ एमबी नँड फ्लॅश आणि लिनक्सचं ४.४ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रत्येक डबा मोबाईल डेटावरून आमच्या सर्व्हरपर्यंत एक एसएसएच टनेल, म्हणजे बाहेरच्याला वाचता न येणारा बोगदा, उघडून ठेवतो. काही बिघडलं की मी त्या टनेलमधून इथे बसल्या बसल्या शिरोळच्या किंवा वाळव्याच्या डब्यात शिरते.

असे ६११ डबे. प्रत्येकाची स्वतःची होस्ट की, म्हणजे ओळखपत्र समजा. तो डबा तोच आहे, मधे दुसरा कुणी बसलेला नाही, हे मला त्या किल्लीवरून कळतं. नव्या सर्व्हरवर या किल्ल्यांच्या यादीच्या ६११ ओळी आल्या का एवढंच मोजायचं होतं. पण हाताला सवय असते. ओळी मोजायच्या म्हणजे सॉर्ट, युनिक (सारख्या ओळी एकत्र करून किती ते सांगणारं), आणि पुन्हा आकड्याने सॉर्ट. तसं टाइप झालं आणि एंटर दाबलं गेलं.

प्रत्येक ओळीपुढे १ यायला हवा होता. सगळ्यात वर २३ होते. खाली १७. मग ९, ६, मग तीन तिकड्या आणि सहा जोड्या. ६११ डबे आणि वेगळ्या किल्ल्या फक्त ५४८.

मी उठून बादली रिकामी करून आले.

पहिला संशय सोपा होता. आम्ही एक डबा नीट तयार करतो, त्याच्या फ्लॅशची प्रत काढतो आणि तीच इमेज सगळ्या डब्यांत भरतो. त्या पहिल्या डब्याची किल्ली पुसायची राहिली असणार. असा गाढवपणा जगभर होतो आणि दुरुस्तही लगेच होतो. पण इमेज उघडून बघितली तर किल्ली नव्हती. किल्ली पुसलेलीच होती. आमची फर्स्टबूट स्क्रिप्ट पहिल्यांदा वीज मिळाल्यावर प्रत्येक डब्यावर नवीन किल्ली बनवते, ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती, आणि ती चाललेलीही होती. शिवाय इमेजमधून किल्ली आली असती तर सगळ्या ६११ सारख्याच असत्या. इथे तेवीस डब्यांनी आपापल्या जागी, आपापल्या डोक्याने एक २०४८ बिटांची किल्ली काढली होती आणि ती एकच निघाली होती. दोन डब्यांची जुळली असती तरी योगायोग म्हणता आला नसता.

इथे जरा थांबून सांगते, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांत माझ्या दोन मावस बहिणीही आहेत.

पुस्तकात ज्याला यादृच्छिक संख्या म्हणतात (हा शब्द मी उभ्या जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, मीही रँडमच म्हणते) ती कॉम्प्युटर स्वतःहून बनवू शकत नाही. त्याला फक्त हिशेब येतो. तेच आकडे दिले की तेच उत्तर, कितीही वेळा विचारा. मग तो करतो काय, तर सुरुवातीला कुठून तरी थोडासा खराखुरा बेभरवसा मिळवतो, त्याला सीड म्हणतात, आणि त्यावरून हव्या तेवढ्या लांब, अंदाज न येणाऱ्या आकड्यांची माळ काढतो. आमच्या कराडच्या घरी विरजण संपलं की आई शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणायची. मग चार दिवस आमच्या दह्याला काकूंच्या दह्याची चव. दूध आमचं, भांडं आमचं, दही मात्र काकूंचं. सीडचं तसंच आहे. पुढची सगळी प्रक्रिया कितीही चोख असो, विरजण एक असेल तर दही एक.

लिनक्सला हे विरजण इंटरप्टमधून, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हाकांमधून, मिळतं. १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी कर्नलमध्ये ही सोय घातली, तेव्हापासून कल्पना तीच आहे: कीबोर्डचं बटण, माउस, डिस्क, नेटवर्कचं पॅकेट, जे काही बाहेरून टकटक करतं त्याची नेमकी वेळ टिपायची आणि एका हौदात ढवळायची. हौदात पुरेसं जमलं की मग कुणालाही बिनधास्त वाटायचं. तुमच्या लॅपटॉपवर हे इतक्या लवकर होतं की तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

आता आमचा डबा बघा, आयुष्यातल्या पहिल्या सहा सेकंदांतला. कीबोर्ड नाही, माउस नाही. फिरणारी डिस्क नाही. नँड फ्लॅश दर वेळी त्याच क्रमाने तेच ब्लॉक वाचून देते. घड्याळाचा बटण सेल आम्ही टेस्टिंगनंतर बसवतो, त्यामुळे तारीख १ जानेवारी १९७०, सगळ्यांचीच. मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा डब्याचा स्वतःचा पत्ता, टेस्टिंगच्या चौकटीवर, जिगवर, लिहिला जातो, तोवर सगळे डबे बूटलोडरमधला (कर्नलला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधला) एकच ठरलेला पत्ता सांगतात. नवीन प्रोसेसरात एक सायकल काउंटर असतो, अब्जांश सेकंदांच्या पट्टीत वेळ सांगणारा. या एआरएम९ मध्ये तो नाही. कर्नल विचारतं तेव्हा शून्य हातात पडतं. मग उरते जिफी, कर्नलच्या घड्याळाची टिकटिक, जी आमच्या मांडणीत १० मिलिसेकंदांनी पुढे सरकते. म्हणजे धावण्याच्या शर्यतीला भिंतीवरचं घड्याळ लावण्यातला प्रकार. आणि वर कडी म्हणजे मागच्या खेपेला जपून ठेवलेलं सीड ज्या फाइलमध्ये असतं ती फाइल इमेजमध्ये राहिलेली होती. सगळ्या डब्यांना एकच. बरं, तिचाही उपयोग होत नव्हता, कारण माझी किल्ली बनवणारी स्क्रिप्ट तिच्याही आधी चालत होती. "हे सगळ्यात आधी व्हायला हवं" असं वाटून मीच तिला पुढचा नंबर दिला होता.

मला पगार मिळतो तो डबे एकसारखे ठेवण्याचा. तीच इमेज, तीच सोल्डरिंग, तोच जिग, तोच पॉवर सप्लाय, एका डब्यावर चाललं ते सगळ्यांवर चाललं पाहिजे. या कामात मी चांगली आहे. आणि नेमक्या त्याच गुणाने इथे घात केला होता.

हे सगळं आता मांडताना सोपं वाटतं. त्या वेळी तीन दिवस मला ही गोष्ट घडवूनच दाखवता येईना. माझ्या टेबलावर एक डबा घेतला. फॅक्टरी रिसेट, वीज बंद, वीज चालू, किल्ली टिपून घ्या, पुन्हा रिसेट. चाळीस वेळा केलं. चाळीस वेगळ्या किल्ल्या. दुसरा डबा घेतला, तेच. आमचे साहेब येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, "डेटाबेसमध्ये काही गडबड नाही ना?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्यालाच त्याची धार कळते.

शेवटी चौथ्या दिवशी खाली प्रॉडक्शनला गेले. जिग म्हणजे एक लाकडी चौकट. डबा त्यात ठेवायचा, झाकण दाबलं की पिना आपोआप बरोबर जागी टेकतात, हिरवं बटण दाबलं की वीज जाते, आणि जिगचा पीसी सिरीयल लाइनवरून गप ऐकत बसतो. ठरलेली ओळ आली की पुढच्या चाचण्या. तिथे ज्या ताई आहेत त्यांनी आमचा जवळपास प्रत्येक डबा हाताळलाय. मी माझा लॅपटॉप जिगच्या सिरीयल लाइनला जोडला, त्यांनी डबा ठेवला, बटण दाबलं. पडद्यावर बूटच्या ओळी पळायला लागल्या. किल्ली आली. वेगळी. पुन्हा केलं. वेगळी. पुन्हा.

पाचव्या-सहाव्या वेळी ताई म्हणाल्या, "मॅडम, ते बटण सारखं का दाबताय? त्याने लवकर चालू होतं का?"

मी खाली बघितलं. माझा अंगठा एंटरवर होता. डबा चालू होईपर्यंत मी एंटर बडवत बसते. वीस वर्षांची सवय. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणारी माणसं असतात तशी. बूटलोडरमध्ये थांबवायचं असलं तर लागतं म्हणून सुरू झालेलं आणि मग अंगवळणी पडलेलं. प्रत्येक एंटर म्हणजे सिरीयल पोर्टचा एक इंटरप्ट, आणि तो नेमका कोणत्या क्षणी येईल हे कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. माझ्या टेबलावरचे चाळीस डाव माझ्याच अंगठ्याने पिसून दिले होते.

"होय," मी म्हटलं. "म्हणजे नाही. ताई, आता तुम्ही नेहमी करता तसंच करा. मी हात लावत नाही."

त्यांनी डबा ठेवला, बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे चहा आणायला गेल्या. मी हात मांडीखाली घेऊन बसले. खरंच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच डबा साठ वेळा चालू केला. साठ वेळांत ३८ वेगळ्या किल्ल्या.

कर्नलने हे लपवलं नव्हतं. लॉगमध्ये ६.१ सेकंदांवर स्पष्ट ओळ होती: 'रँडम: एसएसएच-कीजेन युरँडम रीड विथ ४ बिट्स ऑफ एन्ट्रॉपी अव्हेलेबल'. म्हणजे, बाई, तू माझ्याकडे जन्माची किल्ली मागते आहेस आणि माझ्या खिशात चार बिटं आहेत. चार बिटं म्हणजे, कर्नलच्या सावध हिशेबाने, सोळा शक्यता. एका नाण्याची चार वेळा उडवाउडवी. आणि तरीही त्याने किल्ली दिली, कारण युरँडम नावाचा दरवाजा कधीच नाही म्हणत नाही, जे असेल ते वाढतो. ती ओळ मी त्याआधी किमान हजार वेळा बघितली असेल. बूटच्या लॉगमध्ये अशा पाच-पंचवीस कुरकुरी असतात, कुणाला काही सापडत नाही, कुणाचा रेग्युलेटर हरवलेला असतो, आणि डबा चालतो. ७० सेकंदांच्या पुढेमागे दुसरी ओळ यायची, 'नॉनब्लॉकिंग पूल इज इनिशियलाइज्ड'. विरजण आलं, पण दही तासापूर्वीच लावून झालेलं.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हा प्रकार मला माहीत होता. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॉल्डरमन यांनी इंटरनेटवर सापडणाऱ्या टीएलएस (वेबसाइटशी सुरक्षित बोलण्याच्या) आणि एसएसएच किल्ल्या गोळा करून तपासल्या होत्या. त्यातून त्यांनी टीएलएसच्या ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी आरएसए किल्ल्या हुडकून काढल्या, आणि ती यंत्रं बहुतेक राउटर, फायरवॉल असली छोटी, बिनकीबोर्डची होती. कारणही त्यांनी लिहून ठेवलंय: चालू झाल्याझाल्या हौद रिकामा असताना किल्ली बनवली गेली. मी आधीच्या नोकरीत यावर एक सादरीकरण दिलं होतं. शेवटची स्लाइड "आपण काय काळजी घ्यावी" अशी होती. ती फाइल मी शोधली नाही.

त्या २०१२ च्या कामातला खरा चटका देणारा भाग असा की किल्ल्या पूर्ण सारख्या असायचीही गरज नाही. आरएसए किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार जगजाहीर, त्या दोन संख्या गुपित. आता समजा दोन डबे अगदी एकसारख्या अवस्थेतून निघाले. पहिली मूळ संख्या दोघांची तीच आली. त्या काळचं ओपनएसएसएल (किल्ल्या बनवणारं, सगळीकडे वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) मोठी रँडम संख्या काढताना दर वेळी घड्याळातला सेकंद हौदात टाकायचं. एका डब्यावर पहिल्या आणि दुसऱ्या संख्येच्या मधे सेकंद बदलला, दुसऱ्यावर थोडा पुढे बदलला, की दुसरी मूळ संख्या वेगळी. किल्ल्या वेगळ्या दिसतात, युनिकला काही कळत नाही. पण अर्धी गोष्ट दोघांची एकच आहे.

माझी मुलगी सातवीत आहे. रात्री तिच्यापुढे दोन आकडे ठेवले, ३२३३ आणि २८६७, आणि म्हटलं मसावि काढ, भागाकार पद्धतीने. ३२३३ ला २८६७ ने भागून बाकी ३६६. २८६७ ला ३६६ ने भागून बाकी ३०५. ३६६ ला ३०५ ने, बाकी ६१. ३०५ ला ६१ ने नेमका भाग गेला. मसावि ६१. "झालं?" म्हणाली आणि मोबाईल मागितला. नुसते ३२३३ चे अवयव पाड म्हटलं असतं तर बराच वेळ बसली असती: ६१ गुणिले ५३. दुसरा आकडा ६१ गुणिले ४७. एकटा आकडा फोडणं अवघड, पण दोन आकड्यांत एक अवयव सामाईक असेल तर युक्लिडची चार ओळींची भागाभागी दोन्ही फोडून देते. आकडे सहाशे अंकी असले तरी भागाभागी तेवढीच बिनडोक राहते, फक्त ओळी वाढतात.

दुसऱ्या दिवशी मी हेच आमच्या ५४८ किल्ल्यांवर लावलं. दीडेक लाख जोड्या होतात. जेवणाचा डबा उघडून अर्धी पोळी खाईपर्यंत माझ्या लॅपटॉपवर उत्तर आलं. चार जोड्या. त्या आठ डब्यांच्या खासगी किल्ल्या, ज्या डब्याबाहेर कधी जायलाच नकोत, माझ्या पडद्यावर होत्या आणि त्यासाठी मला डब्यांना हातसुद्धा लावावा लागला नव्हता. तोपर्यंत मी हा प्रश्न नीटनेटकेपणाचा धरून चालले होते. त्या क्षणी पोटात गोळा आला. डब्यात दरपत्रक असतं. दरपत्रकावर दहा दिवसांचं दूध बिल ठरतं, आणि गायीम्हशींच्या पेंडेचे पैसे त्यातून जातात.

काही झालं नव्हतं, हे आधी सांगते. सगळे लॉग चाळले, कुणी शिरलेलं नव्हतं. दूध डब्यांच्या किल्ल्या फोडत बसायला अजून कुणाला सुचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपण एकटेच मूर्ख नाही हे वाचायला अशा वेळी बरं वाटतं, म्हणून त्या शनिवार-रविवारी जुनी प्रकरणं पुन्हा वाचली. १९९५ मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केप ब्राउझरचं एसएसएल (टीएलएसचा पूर्वज) फोडलं, कारण त्याचं सीड वेळ आणि दोन प्रोसेस नंबरांवर, म्हणजे चालू प्रोग्रॅमना मिळणाऱ्या क्रमांकांवर, उभं होतं. डेबियन या लिनक्सच्या वाणात २००६ साली एका तपासणी साधनाची कुरकुर थांबवायला ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या आणि सीडमध्ये प्रोसेस नंबर तेवढा उरला. तो ३२,७६८ च्या वर जात नाही. हे लक्षात येईपर्यंत मे २००८ उजाडला. आणि लाव्हा दिव्यांच्या भिंतीचे फोटो काढून त्यातून सीड मिळवण्याचा तो व्हिडिओ, सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लाउडफ्लेअर कंपनीचा, तो मला त्या आठवड्यात तीन जणांनी फॉरवर्ड केला. सुंदर आहे. पण माझ्याकडे दिव्यांची टंचाई नव्हती. जगात बेभरवशी गोष्टींचा महापूर आहे. तो त्या सहा सेकंदांत डब्यापर्यंत पोचत नव्हता.

मग दुरुस्ती. सरळ उपाय पुस्तकातला: युरँडम सोडा, गेटरँडम वापरा. हा सिस्टिम कॉल ३.१७ कर्नलपासून, म्हणजे २०१४ पासून आहे आणि त्याचा स्वभाव उलटा आहे. हौद भरला नसेल तर तो मागणाऱ्याला थांबवून ठेवतो. मी बदल करून जिगवर दिला. डबा थांबला. थांबूनच राहिला. किल्लीची वाट बघत स्क्रिप्ट अडली, तिच्यामागे नेटवर्क अडलं, आणि नेटवर्क नाही म्हणून नवे इंटरप्ट नाहीत, म्हणून हौद भरत नाही, म्हणून किल्ली नाही. तीन मिनिटांनी जिगने लाल दिवा लावला. दुपारपर्यंत लाल दिव्याचे अठरा डबे रांगेत, आणि प्रॉडक्शनच्या मॅनेजरांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यातही आम्ही पहिले नव्हतो. सप्टेंबर २०१९ मध्ये लिनक्स ५.३ बाहेर पडायच्या बेतात असताना असंच झालं होतं. डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये एक चांगली सुधारणा आली, डिस्कची वाचावाच कमी करणारी. वाचावाच कमी म्हणजे इंटरप्ट कमी, इंटरप्ट कमी म्हणजे हौद रिकामा, आणि एका मशीनवर लॉगिनचा पडदाच येईना, कारण तिथेही कुणीतरी गेटरँडमच्या दारात उभं होतं. डिस्क हुशार झाली म्हणून कॉम्प्युटर अडला! लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ती सुधारणा त्या वेळी मागे घेतली आणि ५.४ मध्ये कर्नललाच एक युक्ती दिली: कुणी ताटकळत असेल तर प्रोसेसरने स्वतःच थोडी धावपळ करायची आणि सायकल काउंटरमधल्या बारीक हेलकाव्यांतून विरजण जमवायचं. उत्तम युक्ती. पण तिला सायकल काउंटर लागतो, आणि नसला तर ती गुपचूप बाजूला होते. माझ्या एआरएम९ ला तिथेही काही मिळालं नसतं. २०२२ मध्ये जेसन डोनेनफेल्डने कर्नलचा हा सगळा भाग नव्याने लिहायला घेतला तेव्हा युरँडमलाही थांबायला लावून बघितलं, आणि काही जुन्या जातीच्या मशीन चालूच होईनात म्हणून ते मागे घ्यावं लागलं. वाट बघायला लावावी की आहे ते वाढावं, हा वाद तीस वर्षं चाललाय आणि दोन्ही बाजूंकडे बिघडलेल्या मशीनचे पुरावे आहेत.

शेवटी उत्तर डब्याच्या बाहेर होतं. जिगला जोडलेला पीसी! साधा पीसी, पण त्याला कीबोर्ड आहे, डिस्क आहे, नेटवर्क आहे, आणि तो सकाळी आठपासून चालू असतो. त्याच्या हौदाला काही कमी नाही. आता जिग प्रत्येक डब्याला सिरीयल लाइनवरून ३२ बाइट पाठवतो, दर डब्याला नवे, आणि पाठवून झाले की विसरतो. डबा ते हौदात टाकतो. इथे एक बारकी गोष्ट आहे जिने माझा एक दिवस खाल्ला: नुसते युरँडममध्ये लिहिले तर कर्नल ते मिसळून घेतं, पण जमा धरत नाही. कुणीही काहीही आणून ओतेल, त्यावर विश्वास का ठेवावा? जमा धरायला रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकाराने वेगळा कॉल करावा लागतो, तोही सांगून, की यात इतकी बिटं आहेत, माझ्या जबाबदारीवर. मी जबाबदारी घेतली. मॅक ॲड्रेस आधी, मग हे ३२ बाइट, मग किल्ली. इमेजमधली सीडची फाइल काढून टाकली.

पुढच्या प्रत्येक बूटसाठी डबा स्वतःचं सीड जपून ठेवतो. जुनी स्क्रिप्ट ते बंद होताना जपायची. ज्या कुणी ती लिहिली त्याने गावातलं संकलन केंद्र बघितलेलं नसणार. आमचा डबा कधी 'बंद' होतच नाही. दूध संपलं की सेक्रेटरी भिंतीवरचं बटण खाली करतात, नाहीतर त्याआधीच लाइट जाते. म्हणून आता डबा चालू होतानाच जुनं सीड हौदात टाकतो आणि पुढचं काहीही व्हायच्या आत फाइलमध्ये नवं लिहितो. एकदा वापरलेलं सीड दुसऱ्यांदा वापरात येऊ द्यायचं नाही. पुढच्या वर्षीच्या बोर्डमध्ये चिपमध्येच रँडम आकड्यांचा हार्डवेअर स्रोत आहे आणि बूटलोडरच कर्नलला सीड हातात देऊन उठवणार आहे. ओपनबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम) वाले हे कधीपासून करतात.

ताईंना मी नवीन जिग समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते बटण दाबायची गरज नाही ना आता?" नाही म्हटलं. तरी त्या डबा ठेवल्यावर पीसीचं एंटर दोनदा दाबतात. मी काही बोलत नाही.

राहिले गावोगावचे जुने डबे. त्यांचे हौद एव्हाना काठोकाठ भरलेले होते, महिनोन्महिने चालतायत, तेव्हा नवीन किल्ली बनवायला काही अडचण नव्हती. अडचण अशी की जुनी किल्लीच बेभरवशाची ठरल्यावर, टनेलच्या पलीकडे जो कुणी "ही माझी नवीन किल्ली" म्हणतोय तो डबाच आहे हे कशावरून? सामाईक किल्लीवाले ७६ आणि मसाविवाले ८, अशा ८४ जागी मी फोन करायचं ठरवलं. डब्याला दोन ओळींचा एलसीडी आहे. नव्या किल्लीच्या ठशाची (किल्लीवरून काढलेल्या छोट्या खुणेची) शेवटची आठ अक्षरं त्यावर दाखवायची आणि सेक्रेटरींनी ती मला वाचून दाखवायची.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन लावायला सुरुवात केली. "मॅडम, आत्ता दूध चालू हाय, नऊला लावा." नऊला लावला तर दुसऱ्यांचं चारा वाटप. एकांनी आठ अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ह्यो ओटीपी न्हाई न्हवं? बँकेनं सांगितलंय कुणाला द्यायचा न्हाई." त्यांना पटवायला दहा मिनिटं लागली, पण त्या माणसाला मी मनात शाबासकी दिली. बी आणि डी चा घोळ व्हायचा, म्हणून बटाट्याचा बी, डब्याचा डी असं ठरलं. अकरा दिवस लागले.

८३ झाले. एक राहिलाय, त्या पहिल्या ओळीतल्या तेवीसांपैकी. संस्थेचा काही वाद चालू आहे, संकलन बंद आहे आणि डबा सेक्रेटरींच्या कपाटात आहे. दर महिन्याला फोन करते. "चालू केला की तुमाला पयला फोन," असं ते सांगतात. बाकीच्या बावीसांनी ती किल्ली टाकली आणि सर्व्हरच्या यादीतूनही मी ती काढली, त्यामुळे सध्या ती जगात एकाच डब्याकडे आहे, जशी ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.